दगड रिकामे फिरतायत

माझ्या सासऱ्यांना जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि तीच गोष्ट आम्ही हौसेने, टाळ्या वाजवून, घराच्या भिंतीला लागून चालू केली. आता कोणी म्हणेल, आधी कळलं नाही का? नाही कळलं. कळलं असतं तर केलं असतं का? लोकांनी मला शहाणपण शिकवायच्या आत मीच सांगते काय झालं ते.

आमचं घर आणि पाणचक्की यांची भिंत एकच. भिंतीच्या या बाजूला स्वयंपाकघर आणि बाबांची खोली, त्या बाजूला चक्की. बाहेर पाट आणि पाटाच्या तोंडाशी लोखंडी दार. हँडल फिरवून दार वर घेतलं की पाणी चाकावर पडायचं, चाक फिरायचं आणि आत दोन मोठे दगड एकावर एक घरघरायला लागायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय. मग बंद पडली की झोप यायची नाही." मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती ती.

बाबा त्या घरघरीत ढाराढूर झोपायचे. पण वरच्या खोक्यातले दाणे संपत आले की झोपेतून उठून उभे! खोक्यात एक पट्टा असायचा, दाण्यांच्या वजनाखाली दाबलेला. दाणे संपले की पट्टा सुटायचा आणि घंटी वाजायची. बाबा घंटीच्याही आधी पोहोचायचे. दाणे असले की दगडांची घरघर जड येते, भिंतीतून कळते. दाणे संपले की ती विरते आणि या बाजूला नुसतं चाक ऐकू येतं. तसे रिकामे दगड फिरले तर दगडावर दगड घासतो, ठिणग्या पडतात, आणि चक्कीत तर जिकडेतिकडे पीठ उडालेलं. पिठाच्या धुळीने पेट घेतला की पळायलाही वेळ मिळत नाही. बाबांच्या काकांची चक्की अशीच गेली, काकांसकट. बाबा तेव्हा एवढेसे होते, आणि त्यांनी ते उभं राहून बघितलं होतं.

त्यामुळे या घरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा तोच. मलाही मिळाला, नवी नवरी असताना. "सूनबाई, चाक ऐकू येतंय आणि दळण ऐकू येत नाही, असं झालं की हातातलं टाकायचं, पळायचं आणि पाटाचं दार खाली पाडायचं, पाणी बंद. मूल रडत असलं तरी आधी दार. समजलं?" मी मान हलवली. पोरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं, माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला. ताई सांगायच्या, शाळेत गणिताचा पाढा चुकला तर बाबा हसायचे, पण या बाबतीत चूक झाली तर कानाखाली बसायची.

पुढे लोक दुकानातून पिशवीबंद पीठ आणायला लागले आणि चक्की बंद पडली. बाबांनी ते मुकाट गिळलं. चाकाच्या फळ्या कुजल्या, पाटात शेवाळ माजलं, तरी माणूस ठीक होता. सासूबाई गेल्या आणि मग मात्र त्यांचं डोकं हळूहळू उसवायला लागलं. आधी नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं. मग एके दुपारी झोपेतून उठून म्हणाले, "कोणी बंद केलं?"

"काय, बाबा?"

"चक्की. केवढं गिऱ्हाईक बाहेर खोळंबलंय आणि तुम्ही बंद करून बसलात?"

त्या दिवसापासून सुरू झालं ते सुरूच. शांतता झाली की उठायचे, चपला न घालता बाहेर. एकदा मोठ्या रस्त्यावर सापडले, ट्रकवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. एकदा पाटात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शेवाळ उपसत होते, ओठ निळे पडलेले. मी त्यांना ओढून काढलं, अंग पुसलं, आणि मला इतका राग आला की मी ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक थांबलंय ना गं." मग मीच रडत बसले.

ताई शहरातून आल्या. त्या मोठ्या आवाजात बोलतात, पण मनाने वाईट नाहीत. त्यांनी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. "स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत. दाराला बाहेरून कडी असते."

"म्हणजे कोंडवाडाच की," मी म्हणाले.

"मग तू सांग. उद्या पाटातून प्रेत काढशील, तेव्हा काय म्हणशील?"

मी चहा आणायला उठले. नवराही उठून उभा राहिला. तो मोटारी भरून देतो, जळालेल्या मोटारींच्या तांब्याच्या तारा बदलण्यात त्याचं आयुष्य गेलंय. चाकावर जनित्र बसवून वीज काढायची हे त्याचं जुनं खूळ. खालच्या गल्लीत आणि तिथल्या दवाखान्यात दिवे असून नसल्यासारखे, वीज कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे गरजही होती. पण त्या दिवशी तो विजेबद्दल बोललाच नाही. म्हणाला, "ताई, त्यांना चाकाचा आवाज हवाय. बाकी काही नाही. मी चाक फिरवतो. एकदा आवाज घरात आला की ते शांत होतील. तोवर थांब."

"आणि फिरलं, तरी नाही झाले शांत, तर?"

"तर घेऊन जा. मी अडवणार नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ते वाक्य त्याने बोलायला नको होतं. पण खरं सांगते, मलाही वाटलं की जमेल.

मग सुरू झाला सगळा उद्योग. सुताराने चाकाच्या फळ्या नव्या बसवल्या. जनित्राचा जाणकार म्हणून एक काटकुळा माणूस आला. त्याला सगळे 'झिरोचा बल्ब' म्हणत, कारण तो बोलायचा कमी आणि त्यातून उजेडही जेमतेम पडायचा. पण कामाचा चोख. तो म्हणाला, जनित्र बसवायचं तर दगड काढावे लागतील, दोन्ही मावणार नाहीत. साखळीने वरचा दगड उचलताना तो निसटला आणि दोन तुकडे झाले. कोणालाच फारसं वाईट वाटलं नाही. नाहीतरी कोण दळणार होतं आता? एका तुकड्यावर मी भांडी घासायला बसायला लागले, उंचीला बरोबर होता.

चाक सुरू करायच्या दिवशी खालची सगळी गल्ली जमली. दवाखान्यातली नर्स आली, पोरंटोरं आली. बाबांना खुर्चीत बसवून पाटाच्या कडेला आणलं. नवऱ्याने हँडल फिरवलं, दार वर गेलं, पाणी धावलं. चाकाने जरा आढेवेढे घेतले आणि मग फिरायला लागलं. धप, धप, धप, तोच जुना आवाज. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा उघडला की काय सांगू! डोळ्यांत ओळख आली. खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, चालू झाली." कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला सूनबाई म्हटलं होतं. मी पदराने डोळे पुसले. खाली दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, झिरोचा बल्बसुद्धा हसला.

आणि टाळ्या थांबल्यावर बाबांची बोटं थांबली.

त्यांनी मान वाकडी केली. ऐकत राहिले. "घंटी का वाजत नाही?" ते म्हणाले. मग खुर्चीचे हात धरून उठले. "दाणे संपलेत. दगड रिकामे फिरतायत. अरे, बघताय काय? दार पाडा! आग लागेल! दार पाडा!" लोक हसले. म्हाताऱ्याला किती आनंद झालाय बघा, असं कोणीतरी म्हणालं. मी आणि माझा नवरा मात्र एकमेकांकडे बघत उभे राहिलो. ज्या माणसाने आमच्याकडून तो धडा लहानपणापासून, नवेपणापासून घोकून घेतला होता, त्याच्याच उशाशी आम्ही बिनदगडाचं चाक लावून दिलं होतं. आणि दोघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

त्यानंतर घराची अवस्था म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. चाक चालू असलं की बाबा धडपडत जायचे आणि दार पाडायचे. दार पडलं की खालच्या गल्लीत अंधार आणि नर्स धावत वर. "अहो, फ्रिजमध्ये लसी आहेत, लहान मुलांच्या! असं कसं चालेल?" दार पाडून बाबा सुस्कारा टाकून खोलीत यायचे, आडवे व्हायचे, जरा डोळा लागायचा. मग ती शांतता त्यांच्या कानात शिरायची आणि ते उठून बसायचे. "कोणी बंद केलं?"

मी समजावलं नाही असं समजू नका. हाताला धरून चक्कीत नेलं. "बाबा, बघा, दगड नाहीत. काढले. हे विजेचं यंत्र आहे." त्यांनी वाकून बघितलं आणि मनापासून हसले. "चक्कीतून दगड काढले! सूनबाई, थट्टा करायला तू सासूवर गेलीस." आणि दाराबाहेर पडल्याबरोबर थबकून, "अगं, दाणे संपले वाटतं. पळ!"

शेवटी नवऱ्याने दाराचं हँडलच काढून कुलपात ठेवलं. मला न विचारता. मी धुणं वाळत घालत होते, पाटाकडे नजर गेली तर बाबा तिथे. हँडलच्या जागी नुसता उघडा लोखंडी गज, आट्यांचा. तो दोन्ही हातांनी धरून ते फिरवायचा प्रयत्न करत होते. सगळं अंग पिळवटून. गज रक्ताने माखलेला. मी धावले, त्यांचे हात सोडवले, तर माझ्याकडे बघून लहान मुलासारखे म्हणाले, "फिरत नाही गं. काका आत आहेत."

त्यांच्या तळहातांना पट्ट्या बांधताना नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, "मग काय करू? तूच सांग, काय करू?" हाच प्रश्न मला ताईंनी विचारला होता. मी पट्टीची गाठ मारली.

उपाय तरी किती केले! नवऱ्याने मोबाईलवर कुठल्याशा चक्कीच्या दळणाचा आवाज शोधून काढला आणि बाबांच्या उशाशी लावला. बाबांनी डोळे मिटून ऐकला. म्हणाले, "ही आपली नाही. दगड गुळगुळीत झालाय, छिन्नीने टाकी लावायला झालीये, सांगा त्यांना." आमच्या चक्कीचा आवाज आमच्याकडे नव्हता. स्वतःच्या घराचा आवाज कोण भरून ठेवतं?

त्यात माझा मिक्सर जळाला. घरात स्वतःची वीज, घरात मोटारी भरणारा नवरा, आणि मिक्सर बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डाळ भरडायची होती, म्हणून माळ्यावरचं जुनं जातं काढलं आणि बाबांच्या खोलीतच मांडून बसले, कारण त्यांच्यावर डोळा ठेवणं भाग होतं. बाबा पलंगावरून पाय खाली टाकून, "पळा, दाणे संपले" चालूच. मी मुकाट्याने खुंटा धरला आणि ओढायला लागले.

बाबा गप्प झाले. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"आले दाणे?"

"आले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"कोणाचं दळण?"

"मास्तरांचं."

"बारीक दळ. मास्तरीण नंतर तोंड सोडते." आणि पाय वर घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपले. भिंतीपलीकडे चाक, अलीकडे जातं. त्यांच्या कानात चक्की पुरी झाली. डाळीचं पीठ झालं तरी मी थांबले नाही.

पण थांबावं तर लागतंच. हात सोडला की दोन श्वासांत ते जागे. मग माझं तेच काम झालं. दाणे संपले की मी खालचं पीठच मुठीने उचलून वरून टाकायचे. पहिल्यांदा तसं केलं तर डोळे न उघडता म्हणाले, "दळलेलं परत दळतेस होय? गिऱ्हाईकाला फसवू नये." शरमेने माझे कान तापले. तेव्हापासून शेजारी गव्हाचा डबा ठेवायला लागले. नवऱ्याने जात्याला छोटी मोटर जोडून बघितली. एकसारखा सूं सूं आवाज. बाबा ताडकन उठले, "पट्टा सुटला!" मग तो स्वतः बसला खुंटा धरून. थोडा वेळ चाललं. मग बाबा म्हणाले, "कोण आहे? हात नवा दिसतोय."

"मी, बाबा. तुमचा मुलगा."

"तू इथे काय करतोस? जा, पाण्याकडे बघ." आणि बाबा उठून बसले. मला परत खुंटा घ्यावा लागला. माझा खांदा इतका दुखायचा की वेणी घालायला हात वर जाईना. मी दिवसभर राबणारी बाई, मला कोणी सांगू नये कष्ट काय ते. पण हे माझ्याच्यानेही होत नव्हतं. हे कितीही कबूल करायचं नाही म्हटलं तरी होत नव्हतं.

ताईंचा फोन आला. नवऱ्याने शब्द दिला होता. "ये," एवढंच म्हणाला.

ताई रविवारी दुपारी गाडी घेऊन आल्या, ड्रायव्हरसह. बाबांची बॅग नवऱ्याने स्वतः भरून दारात ठेवली होती आणि तो जाऊन चक्कीत बसला होता, जनित्रापाशी. मी जात्यावर. ताई आत आल्या, तेव्हा मी म्हणाले, "मला उठता येणार नाही. पाणी तुमचं तुम्ही घ्या."

त्यांनी बाबांकडे बघितलं. "झोपलेत? भरदिवसा? गोळी दिलीस का?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी. ते असे झोपत नाहीत."

मला राग आला. मी म्हणाले, "बघायचंय?" आणि खुंटा सोडून दिला.

भिंतीपलीकडे नुसतं चाक राहिलं. धप, धप, धप. बाबांच्या पट्टी बांधलेल्या हाताची बोटं हलली. पण त्यांच्याआधी ताई हलल्या. हातातली पर्स खाली पडली, वळल्या आणि दाराकडे धावल्या. "दार..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं. उंबऱ्यात जाऊन थबकल्या, तिथल्या बॅगेला ठेचकाळल्या. आपण का धावलो हे त्यांचं त्यांनाच कळेना. मागे बाबा उठून बसले होते. "दाणे! सूनबाई, दाणे!" मी पटकन खुंटा धरला. घरघर सुरू झाली. बाबा हळूहळू आडवे झाले.

ताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. मग त्या आल्या, साडी सावरून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी माझ्या हाताच्या वर खुंटा धरला. दोघींनी ओढलं की जातं हलकं होतं. बाबांनी हात ओळखला की नाही कोण जाणे, पण ते उठले नाहीत.

"किती दिवस करतेस हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोजले नाहीत."

"तिकडे गेल्यावर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तिकडे चाकही नसणार आणि जातंही नसणार. तिकडे शांतता, आणि दाराला बाहेरून कडी. ते दोघींनाही कळलं होतं, पण बोलायचं कोणी? माझ्या हाताने हे निभणार नव्हतं आणि त्यांच्या आश्रमात ते निभणार नव्हतं. त्या रडत होत्या आणि ओढत होत्या. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मग ड्रायव्हर दारात आला, घाबरत घाबरत. "बाई, निघायचं ना? बॅग ठेवू गाडीत?"

ताईंनी बाबांकडे बघितलं. मग जात्याकडे. गव्हाचा डबा रिकामा झाला होता, शेवटची मूठ आत गेली होती.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "एवढं दळण संपू दे. मग निघू."

ड्रायव्हर बॅग उचलून गेला. दगड हलका होत चालला, हाताला कळत होतं. मी ताईंच्या तोंडाकडे न बघता जात्याभोवतीचं पीठ ओंजळीत भरलं आणि वरून परत आत टाकलं. ताईंनी बघितलं. खुंटा मात्र सोडला नाही. पलंगावर बाबांच्या कपाळाला आठी पडली, आणि आम्ही दोघी श्वास रोखून ओढत राहिलो.